चिदंबरम: नायन्मारांच्या वाटेने नटराजाचं दर्शन (माहितीचा धागा)

पोन्नीकाठ

तमिळनाडूच्या सहलीत महाराष्ट्रातली मंडळी मदुराई, रामेश्वरम, कन्याकुमारी करतात. चिदंबरम बहुधा पाँडिचेरी ते तंजावर या प्रवासात एक तास उतरायची जागा ठरतं. तो एक तास नेमका दुपारी साडेबाराला येतो आणि दार बंद असतं. म्हणून हा धागा.

वेळेचं आधी. देऊळ सकाळी ६ ते १२ आणि संध्याकाळी ५ ते १० उघडं असतं. दिवसात सहा पूजा होतात. पहाटे शयनगृहातून (पळ्ळियरै) पादुका पालखीतून चित्सभेत (नटराजाच्या गाभाऱ्यात) येतात, रात्री त्याच पालखीतून परत जातात. ज्यांना एकाच पूजेला थांबता येणार आहे त्यांनी दहाच्या सुमाराची धरावी. तिच्यात स्फटिकलिंगाचा अभिषेक होतो आणि त्यानंतर रत्नसभापतीची, म्हणजे माणकाच्या छोट्या नटराजाची, आरती होते. कापूर आधी मूर्तीच्या पुढून आणि मग मागून दाखवतात. मागून दाखवताना मूर्ती आतून लाल उजळते. हे काही क्षणांचंच असतं, त्यामुळे साडेनऊपासून जागा धरून उभं राहावं. सणाच्या दिवशी या वेळा सरळ पुढेमागे होतात.

आता संतांकडे. तमिळ शैव परंपरेतले ६३ संत म्हणजे नायन्मार. शैव परंपरेतले चार आचार्य म्हणजे अप्पर (तिरुनावुक्करसर), ज्ञानसंबंदर, सुंदरर आणि माणिक्कवाचकर. चौघेही इथे आले होते आणि परंपरेनुसार चौघांची दारंही वेगवेगळी: माणिक्कवाचकर पूर्वेकडून, संबंदर दक्षिणेकडून, अप्पर पश्चिमेकडून, सुंदरर उत्तरेकडून. चारही गोपुरं सात मजल्यांची आहेत. आज जवळजवळ सगळे प्रवासी पूर्वेच्या दाराने आत येतात, कारण बाजार, उतारू खोल्या आणि रिक्षा तिकडे आहेत. नटराज मात्र दक्षिणेकडे तोंड करून उभा आहे. पूर्वेकडून आल्यावर देवाच्या पुढ्यात जायला वळसा घ्यावा लागतो, आणि पहिल्यांदा येणाऱ्याचा इथेच गोंधळ उडतो.

चपला ज्या गोपुरापाशी काढाल त्याच गोपुरातून बाहेर पडा. चाळीसेक एकरांचं आवार आहे. अकरानंतर फरशी इतकी तापते की उलट्या टोकाला गेलेला माणूस उड्या मारत परत येतो.

---

भटकी_चप्पल

धागा छान. आम्ही सहाजण आहोत, दोघं सत्तरीच्या पुढचे. दोन तास पुरतील का? आणि पुरुषांना सोवळं लागतं का?

---

पोन्नीकाठ

दर्शनापुरते दोन तास पुरतात, देऊळ बघायला नाही. ज्येष्ठांना घेऊन संध्याकाळी पाचला दार उघडताच आत जा. सहाच्या पूजेला (सायरक्षै) गर्दी होते, पण ऊन नसतं आणि बसायला ओटे भरपूर आहेत. उंबरे उंच आहेत, चित्सभा-कनकसभेकडे जाताना पायऱ्या आहेत आणि जुनी फरशी ओली असली की घसरते. चाकाच्या खुर्चीचा उपयोग बाहेरच्या प्राकारांपर्यंतच.

सोवळं लागत नाही. कनकसभेत (चित्सभेसमोरच्या उंच मंडपात) वर जायचं तर पुरुषांनी सदरा आणि बनियन दोन्ही काढायचे, उपरणं कमरेला बांधायचं. खाली धोतर किंवा पांढरी वेष्टी असलेली बरी. पँट चालते की नाही यावर दारात वाद घालण्यापेक्षा वेष्टी पिशवीत ठेवावी. अर्ध्या चड्डीत जाऊ नये. आतल्या भागात छायाचित्रं काढू देत नाहीत.

---

रुळावरचा

पोचण्याबद्दल लिहितो. चिदंबरम हे विळुप्पुरम, कडलूर, मयिलाडुदुरै, कुंभकोणम, तंजावर या जुन्या 'मेन लाइन'वरचं स्टेशन आहे. तिरुचीकडे जाणाऱ्या बऱ्याच जलद गाड्या विळुप्पुरमनंतर वृद्धाचलमच्या 'कॉर्ड लाइन'ने जातात आणि चिदंबरमला येतच नाहीत. 'चेन्नई ते तिरुची' एवढंच बघून तिकीट काढणाऱ्यांची फसगत होते ती यामुळे. चेन्नई एग्मोरहून चोळन, उळवन आणि रामेश्वरमची बोट मेल या मेन लाइनने जातात. बोट मेल चिदंबरमला अपरात्री टेकते.

महाराष्ट्रातून दादर-पुदुच्चेरी चालुक्य एक्स्प्रेस सोयीची पडते. पुदुच्चेरीहून कडलूरमार्गे बस आहे, साधारण ६५ किलोमीटर, दोन तास धरा. चेन्नईहून रस्त्याने सुमारे २३५ किलोमीटर. स्टेशन ते पूर्व गोपुर दीडेक किलोमीटर आहे. सामान कमी असेल तर चालत, नाहीतर रिक्षा, भाडं बसण्याआधी ठरवून.

दुपारी १२ ते ५ देऊळ बंद, तर त्या वेळेत पिच्चावरमच्या खारफुटीत होडीतून फिरून येता येतं. अंतर पंधरा किलोमीटरच्या आसपास. उन्हाळ्यात टोपी आणि पाणी घ्या, होडीत सावली नसते. आणि हा निव्वळ सहलीचा फाटा नाही. चिदंबरमचं जुनं नाव तिल्लै, ते याच खारफुटीतल्या तिल्लै झाडावरून आलं. त्याचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. फांदी मोडून बघायचा मोह टाळा.

---

वीथीवाला

पैशांचा विषय कुणी काढत नाही, मी काढतो. या देवळाची सवय वेगळी आहे. इथली पूजाअर्चा आणि कारभार पोदु दीक्षितरांकडे आहे. डोक्याच्या पुढच्या बाजूला एका अंगाला बांधलेली शेंडी हे त्यांचं ओळखचिन्ह. लग्न झाल्यावरच त्यांना पूजेचा अधिकार मिळतो. राज्य सरकारने इथे कार्यकारी अधिकारी नेमला होता. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१४ मध्ये ती नेमणूक रद्द ठरवून कारभार दीक्षितरांकडे परत दिला. त्यामुळे तमिळनाडूच्या बाकी मोठ्या देवळांत दिसते तशी धर्मादाय खात्याची दर्शनाच्या तिकिटांची खिडकी इथे नाही. दीक्षितरांना सरकारी पगारही नाही, दक्षिणेवर त्यांचा संसार चालतो.

प्रत्यक्षात याचा अर्थ असा. आत शिरल्यावर कुणीतरी अर्चना करायची का विचारेल, नाव-नक्षत्र विचारेल आणि वहीत पत्ता लिहायला सांगेल म्हणजे पोस्टाने प्रसाद येईल. हवं असेल तर करा, पण रक्कम आधी ठरवा. नको असेल तर हात जोडून 'वेण्डाम' म्हणा आणि पुढे चला. तोंड वाकडं करायचं कारण नाही, कुणी अडवत नाही. सुटे पैसे जवळ असावेत. पाचशेची नोट पुढे केल्यावर सुटे मागत बसणं दोन्ही बाजूंना अवघड होतं.

कनकसभेत चढायचा प्रश्न नाजूक आहे. मे २०२२ मध्ये राज्य सरकारने तिथून दर्शन घेण्याची मुभा देणारा आदेश काढला, तरी उत्सवाच्या दिवसांत यावरून पुढेही तणातणी झाली आहे. त्या दिवशी तिथे जी व्यवस्था असेल ती पाळावी. खालच्या मोकळ्या जागेतूनही दर्शन स्वच्छ होतं.

---

भटकी_चप्पल

'चिदंबर रहस्य' म्हणतात ते नक्की कुठे बघायचं? पडदा उघडतात म्हणे.

---

करण१०८

नटराजाच्या उजव्या हाताला पडदा आहे. बाहेरून काळा, आतून लाल. आरतीच्या वेळी तो थोडा वेळ बाजूला करतात. मागे मूर्ती नाही. सोन्याच्या बिल्वपत्रांच्या माळा लोंबत असतात आणि मागे रिकामी जागा. पंचभूतांच्या पाच क्षेत्रांत कांचीपुरम पृथ्वी, तिरुवानैक्कावल जल, तिरुवण्णामलै अग्नी, श्रीकालहस्ती वायू आणि चिदंबरम आकाश. आकाशाची पूजा करायची तर पडद्यामागे आणखी काय असणार? काहीतरी दिसेल म्हणून माना उंचावणारे 'काहीच नव्हतं' म्हणत बाहेर येतात. त्यांनी बरोबर तेच पाहिलेलं असतं.

चित्सभेचं छपरही बघा, लोक गडबडीत विसरतात. परंपरेत २१,६०० सोन्याचे पत्रे सांगतात, माणसाच्या दिवसभराच्या श्वासांइतके. त्यांना ठोकलेले ७२,००० खिळे म्हणजे शरीरातल्या नाड्या. वर नऊ कळस, आत जायला पंचाक्षरीच्या पाच पायऱ्या. छपराला सोनं चढवण्याचं श्रेय पहिल्या परांतक चोळाला, म्हणजे दहाव्या शतकातल्या राजाला दिलं जातं.

गोपुरांच्या आतल्या वाटेत भिंतींवर नाट्यशास्त्रातली १०८ करणं (नृत्यातल्या हालचाली) कोरलेली आहेत. पूर्व आणि पश्चिम गोपुरांत त्या त्या करणाचा श्लोकही खाली कोरला आहे, म्हणून अभ्यासाला ती दोन धरा. तंजावरच्या बृहदीश्वराच्या वरच्या मजल्यावरही करणं आहेत, पण तिथलं काम ८१ वर थांबलं आहे. बघायची योग्य वेळ सकाळी सात ते नऊ. तेव्हा तिरपा उजेड वाटेत शिरतो आणि कोरीव काम उठून दिसतं. दुपारी सगळं सपाट वाटतं. उत्तरेच्या गोपुरात कृष्णदेवरायाची मूर्ती आहे, ते गोपुर त्याने पूर्ण केलं.

नृत्यसभा चित्सभेच्या समोरच, दक्षिणेला आहे. ५६ खांबांची, रथासारखी, खाली चाकं आणि घोडे. कालीबरोबरच्या नृत्यस्पर्धेत शिवाने पाय वर उचलला ती जागा हीच असं मानतात, तो ऊर्ध्वतांडवही तिथे आहे. हरलेली काली गावाच्या उत्तर वेशीवर गेली. तिचं तिल्लै काली देऊळ एखाद्या किलोमीटरवर आहे.

---

ताडपत्र

सगळे दगडाबद्दल लिहिताहेत. या देवळाचं संतांशी नातं आहे ते मुळात शब्दांचं.

अप्पर, संबंदर आणि सुंदरर या तिघांची पदं म्हणजे तेवारम. आज सुमारे ८०० पदिगम हाती आहेत आणि पदिगम म्हणजे बहुधा दहा-अकरा कडव्यांचं एक पद. अप्पर आणि संबंदर सातव्या शतकातले, सुंदरर नंतरचे. नंतर ही पदं विखुरली. परंपरा अशी सांगते, की राजराज चोळाने नंबी आंडार नंबी या शैव कवीच्या मदतीने शोध घेतला तेव्हा ताडपत्रांच्या जुड्या याच देवळात एका बंद खोलीत असल्याचं कळलं. ज्यांनी पदं रचली ते स्वतः आल्याशिवाय दार उघडणार नाही, असं दीक्षितरांनी सांगितलं. राजाने संतांच्या मूर्तींची मिरवणूक काढून त्या दारात आणून उभ्या केल्या. आत वाळवीने बराच भाग खाल्ला होता, उरलं ते वाचवलं गेलं. चाली कुणालाच ठाऊक नव्हत्या. त्या संबंदरांचे साथीदार तिरुनीलकंठ याळ्प्पाणर यांच्या वंशातल्या एका स्त्रीकडून घेतल्या गेल्या, अशीही पुढची कथा आहे.

मग बारा तिरुमुरै (शैव पदांचे आणि ग्रंथांचे संच) तयार झाली. पहिली तीन संबंदरांची, चौथी ते सहावी अप्परांची, सातवी सुंदररांची, आठवी माणिक्कवाचकरांची, दहावी तिरुमूलरांचं तिरुमंदिरम, आणि बारावी सेक्किळारांचं पेरियपुराणम, ६३ नायन्मारांची चरित्रं. सेक्किळार दुसऱ्या कुलोत्तुंगाच्या काळचे, बाराव्या शतकातले. चरित्रग्रंथ त्यांनी इथल्या हजारखांबी मंडपात (राजसभा) रचला आणि पहिला शब्द नटराजाने सुचवला अशी श्रद्धा आहे. त्या आधी सुंदररांनी तिरुवारूरला भक्तांची यादी गायली. तिची पहिली ओळ तिल्लैच्या ब्राह्मणांच्या दासांचा मी दास अशी आहे, म्हणजे यादी सुरूच इथून होते.

माणिक्कवाचकरांचं तिरुवाचकम शिवाने स्वतः लिहून घेतलं असं म्हणतात. दीक्षितरांनी अर्थ विचारला, त्यांनी नटराजाकडे बोट दाखवून 'हाच अर्थ' म्हटलं आणि त्यातच लीन झाले.

आजही ओदुवार (देवळात ही पदं गाणारे गायक) कुठल्याही शिवमंदिरात तेवारम म्हणतात तेव्हा सुरुवात आणि शेवट 'तिरुच्चिट्रंबलम' या नावाने करतात, म्हणजे या सभेच्या नावाने. पदं ऐकायची असतील तर पूजेनंतर पाच-दहा मिनिटं थांबा. लगेच प्रसादाकडे धावणाऱ्यांना ती ऐकू येत नाहीत.

---

शिवनेरीचा_वाटसरू

मराठ्यांचा काही संबंध? तंजावर आपलं आहे म्हणून विचारतो.

---

ताडपत्र

आहे, आणि तंजावरच्या आधीचा नाही तरी तंजावरच्या बाहेरचा. १६४८ मध्ये आक्रमणाच्या भीतीने नटराजाची मूर्ती इथून हलवली होती. आधी कुडुमियानमलै, मग मदुराई. ती परत आली १६८६ मध्ये, म्हणजे जवळजवळ ३८ वर्षांनी. पुनःस्थापनेचे ताम्रपट उपलब्ध आहेत आणि त्यांत संभाजीराजांच्या राज्याचा उल्लेख आहे. शिवाजीमहाराजांनी १६७७ मध्ये जिंजी घेतल्यावर हा मुलूख मराठ्यांच्या अमलाखाली होता, हे लक्षात घेतलं की संदर्भ लागतो. देवळात याची पाटी शोधत फिरू नका. तंजावरच्या भोसल्यांची शाखा वेगळी, ती व्यंकोजींची.

---

आडनूर

पेरियपुराणमचा विषय निघाला म्हणून नंदनारांबद्दल. तिरुनाळैप्पोवार हे त्यांचं दुसरं नाव. आडनूरच्या पुलैयर (तेव्हा अस्पृश्य मानलेल्या जातीच्या) वस्तीतले. देवळांच्या नगाऱ्यांना चामडं, वीणांना तारा, पूजेला गोरोचन पुरवायचे. आत जायची मुभा नाही. तिल्लैला उद्या जाईन, उद्या जाईन म्हणत दिवस ढकलायचे. शेवटी आले, तटाबाहेरून प्रदक्षिणा घालत राहिले. स्वप्नात आज्ञा झाली, दक्षिणेच्या दारासमोर अग्नी पेटवला गेला, ते त्यातून यज्ञोपवीतधारी ऋषीच्या रूपात बाहेर आले, आत गेले आणि दिसेनासे झाले.

आपल्याकडच्या वाचकाला चोखोबा आठवल्याशिवाय राहत नाहीत. पण फरक मोठा आहे. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर पायरीपाशी राहिली, नंदनारांना आत घेण्यासाठी आधी त्यांचं रूप बदलावं लागलं. एकोणिसाव्या शतकात गोपालकृष्ण भारतींनी या कथेवर गायनप्रधान 'नंदन चरित्रम' रचलं आणि त्यात एक ब्राह्मण जमीनदार घातला, जो मूळ पेरियपुराणमात नाही. बरेच मार्गदर्शक दोन्ही एकत्र करून सांगतात.

---

वीथीवाला

आडनूर, मुद्दा मान्य, पण अग्नीची कथा 'शुद्धीकरण' म्हणूनच वाचायची का? तमिळ भक्तांत दक्षिणेच्या दाराला त्यांच्यामुळेच मान आहे.

---

आडनूर

मान आहे हे खरं. पण मान कशाला मिळाला, तेही कथेतच लिहिलं आहे. ज्यांना नंदनारांची जास्त दिलासा देणारी जागा बघायची आहे त्यांनी तिरुप्पुंगूरला जावं. वैदीश्वरन कोईलपासून रिक्षाने तीनेक किलोमीटर. बाहेर उभ्या असलेल्या नंदनारांना लिंग दिसावं म्हणून तिथला नंदी बाजूला सरकला, आणि आजही तो मधल्या रेषेतून सरकलेलाच आहे. तिथे कुणालाच रूप बदलावं लागलं नाही.

चिदंबरममध्येच आणखी एक नायन्मार आहेत, तिरुनीलकंठर कुंभार. पती-पत्नीतला अबोला म्हातारपणापर्यंत चालला आणि तळ्यात बुडी मारल्यावर दोघं तरुण होऊन वर आली. नटराजाच्या देवळाच्या पश्चिमेला इळमैयाक्किनार देऊळ आणि ते तळं आहे. गर्दी अजिबात नसते.

---

श्रीपादरेणू

शैव संतच चाललेत. त्याच आवारात गोविंदराज पेरुमाळ आहेत, आणि ते १०८ दिव्यदेशांपैकी, म्हणजे आळवारांनी (तमिळ वैष्णव संतांनी) गायलेल्या विष्णुक्षेत्रांपैकी, एक आहे (तिरुच्चित्रकूटम). तिरुमंगै आळवार आणि कुलशेखर आळवार या दोघांनी ते गायलं आहे. कुलशेखरांच्या पदात तर जन्मापासून अखेरपर्यंत सगळी रामकथा थोडक्यात येते. कनकसभेसमोर योग्य जागी उभं राहिलं तर एका बाजूला नटराज दक्षिणेकडे तोंड करून आणि दुसऱ्या बाजूला शेषशायी विष्णू पूर्वेकडे तोंड करून, दोघं एकाच ठिकाणाहून दिसतात.

नातं नेहमी गोड नव्हतं. दुसऱ्या कुलोत्तुंगाने विष्णुमूर्ती समुद्रात टाकली असं वैष्णव परंपरा सांगते, खालच्या तिरुपतीतला गोविंदराज त्याच प्रसंगाशी जोडला जातो. इथे पुन्हा स्थापना झाली ती १५३९ मध्ये, विजयनगरच्या अच्युतरायाच्या काळी. पूजारीही वेगळे आहेत, वैष्णव आहेत. त्यामुळे तुळस-तीर्थ आणि शठारी (भक्ताच्या डोक्यावर टेकवतात ती विष्णुपादुकांची टोपी) इथे, विभूती तिथे. क्रम काहीही ठेवा.

आणि २५ किलोमीटरवर काट्टुमन्नारकोईल आहे, नाथमुनींचं गाव. आळवारांची चार हजार पदं त्यांनी गोळा केली. म्हणजे शैवांचं तेवारम आणि वैष्णवांचं दिव्यप्रबंधम, दोन्ही संग्रहांच्या कथा एका बसच्या अंतरावर आहेत. शेजारी परांतकाच्या काळचा वीराणम तलाव.

---

पंचांगवाला

उत्सवांच्या तारखा मराठी महिन्यांत शोधू नका. तमिळ महिने सौर आहेत. मार्गळी महिन्यातला नटराजाचा तिरुवादिरै उत्सव हवा तर सूर्य धनु राशीत असताना (साधारण १६ डिसेंबर ते १४ जानेवारी) चंद्र आर्द्रा नक्षत्रात कधी येतो ते बघा, पौर्णिमेच्या आसपासच येईल. आनी महिन्यातल्या तिरुमंजन उत्सवासाठी सूर्य मिथुनेत (जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत) आणि नक्षत्र उत्तरा फाल्गुनी. कुठल्याही दाते किंवा कालनिर्णय पंचांगात हे सापडतं. नक्षत्र दोन दिवसांत विभागलं असेल तर मात्र देवळाची पत्रिका बघून खात्री करा.

वर्षात नटराजाला सहाच महाभिषेक. त्यांतले चार कनकसभेत संध्याकाळी, आणि आनी-मार्गळीचे दोन राजसभेत पहाटे. हे दोन उत्सव दहा दिवसांचे. नवव्या दिवशी पाच रथ निघतात: गणपती, सुब्रह्मण्य, नटराज, शिवकामी, चंडिकेश्वर. इथलं वेगळेपण हे, की बाकी देवळांत उत्सवमूर्ती बाहेर येते आणि मूळ मूर्ती गाभाऱ्यात राहते. चिदंबरममध्ये खुद्द मूळ नटराज रथावर चढतो. म्हणून रथाच्या दिवशी चित्सभेत दर्शनाला जाऊ नका, देव रस्त्यावर असतो. रथ चार रथवीथी फिरून आल्यावर मुक्काम राजसभेत, पहाटेपूर्वी अभिषेक सुरू, मग अलंकार, आणि दुपारनंतर देव नाचवत नाचवत चित्सभेत परत नेतात. तेच 'दर्शन'. खोल्या महिनाभर आधी भरतात आणि रथवीथींत वाहन शिरत नाही, सामान घेऊन चालायची तयारी ठेवा. राजसभा एरवी बंद असते, ती बघायची तर हेच दोन उत्सव.

मार्गळीतल्या उत्सवात माणिक्कवाचकरांची मूर्ती नटराजासमोर आणतात आणि त्यांचंच तिरुवेंपावै हे पद म्हणतात. गर्दीचा कंटाळा असेल तर रथाचा दिवस सोडून त्याआधीची एखादी संध्याकाळ यासाठी निवडा.

महाशिवरात्रीला नाट्यांजली हा नृत्योत्सव १९८१ पासून होतो.

---

भटकी_चप्पल

दोन दिवस असतील तर संतांची आजूबाजूची ठिकाणं कशी लावायची? आणि पावसाळा टाळायचा का?

---

रुळावरचा

पाऊस आधी. इथला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, आपल्यासारखा जून-सप्टेंबर नाही. वादळं याच किनाऱ्यावर येतात. डिसेंबर २०२० मध्ये 'बुरेवी'च्या पावसात देवळाच्या आवारातही पाणी साचलं होतं. जानेवारी-फेब्रुवारी सगळ्यात बरा.

दुसऱ्या दिवसासाठी दक्षिणेची वाट धरा, कारण सगळं मयिलाडुदुरैच्या एकाच बसमार्गावर येतं. सकाळी पहिल्यांदा सीर्गाळी, वीस किलोमीटर. संबंदरांचं जन्मगाव. तीन वर्षांच्या मुलाला देवीने दूध पाजलं आणि त्याने पहिलं पद म्हटलं ते तिथल्या तळ्याकाठी. देऊळ तीन पातळ्यांचं आहे. खाली ब्रह्मपुरीश्वर, वर तोणियप्पर, त्याच्याही वर सट्टैनाथर. जिने आहेत, म्हणून ज्येष्ठ ताजेतवाने असताना हेच आधी. एप्रिल २०२३ मध्ये कुंभाभिषेकापूर्वी (देवळाच्या पुनःप्रतिष्ठेच्या सोहळ्याआधी) खोदकाम करताना तिथे पंचधातूच्या मूर्ती आणि तेवारमची पदं कोरलेले शेकडो ताम्रपट सापडले.

मग वैदीश्वरन कोईल आणि वर सांगितलेलं तिरुप्पुंगूर. वैदीश्वरनला नाडीवाल्यांच्या (ताडपत्रांवरून भविष्य सांगणाऱ्यांच्या) नादी लागलात तर दिवस गेलाच. बाराच्या आत दोन्ही होतात. परतताना कोळ्ळिडमच्या अलीकडून आचाळपुरमचा फाटा आहे. स्वतःच्या लग्नात संबंदर वऱ्हाडासकट ज्योतीत विलीन झाले ते हे गाव. तिथे बस कमी, रिक्षा सांगून ठेवावी आणि चारनंतरच जावं, दुपारी दार बंद.

अप्परांसाठी मात्र उलटी दिशा, पण्रुटीजवळचं तिरुवदिगै. ते पुदुच्चेरीहून येताना किंवा जातानाच उरकावं. एकाच दिवसात दोन्ही दिशा करायला गेलात तर चारही देवळांची बंद दारं बघाल.

---

कढीपत्ता

अवांतर, पण चिदंबरमला जाऊन गोत्सु न खाता येणारे बरेच असतात. नैवेद्याचा सांबा सादम, म्हणजे तूप-मिरी-जिऱ्याचा भात, आणि त्याबरोबर वांग्याचा गोत्सु.

घरी करायचा तर चार जणांना पाव किलो छोटी जांभळी वांगी, लिंबाएवढी चिंच, दोन चमचे धणे, एक चमचा हरभरा डाळ, पाच-सहा सुक्या मिरच्या, हिंग, आणि तिळाचं तेल तीन-चार चमचे, हात आखडायचा नाही. धणे, डाळ, मिरच्या थोड्या तेलात भाजून भरड वाटायच्या. वांगी चिरून तेलात मऊ होईपर्यंत परतायची, मगच चिंचेचा कोळ आणि मीठ-हळद. कोळाचा कच्चा वास जाईस्तोवर उकळू द्यायचं, साधारण दहा मिनिटं, आणि वाटण शेवटी. वाटण आधी घातलं तर खाली लागतं आणि रस दाट दिसला म्हणून चिंच कच्चीच राहते. कांदा-लसूण नाही. भातासाठी मिरी आणि जिरं समप्रमाणात, कोरडं भाजून, ताजं कुटलेलं. बाजारची मिरीपूड घातली तर नुसता तिखट भात होतो.

---

भटकी_चप्पल

कढीपत्ता, गोत्सुला फोडणी कशाची? आणि देवळाजवळ तो कधी मिळतो?

---

कढीपत्ता

मोहरी, कढीपत्ता, हिंग, बस. गावातल्या साध्या मेसमध्ये सकाळी इडली-पोंगलबरोबर मिळतो. दुपारच्या जेवणात सांबार-रसम असतं, तेव्हा मागून उपयोग नाही. दहाची पूजा करायची असेल तर साडेआठच्या आत खाऊन घ्या.